मग सांगायचंत ना

बालगंधर्वला नाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा केसांत खोचलेला. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते काही केल्या लागेना. पुण्यात अशी माणसं ढिगानं भेटतात. कुणी बँकेतलं असतं, कुणी शाळेतल्या मित्राची बहीण निघते, कुणी नुसतंच रोज सकाळी सारसबागेत समोरून चालत येणारं असतं. बशीत दोन वडे घेऊन त्या वळल्या आणि मला एकदम लागलं. नावाशेजारचा तो नखाएवढा गोल फोटो. मान अशीच कलती.

त्या कोथरूडला पाळणाघर चालवायच्या आणि त्याबद्दल नेटवर लिहायच्या. फार मोठं नाही, दीड-दोन पानं, बहुधा रविवारी रात्री. कुठलं मूल आईच्या ओढणीचं टोक मुठीत असल्याशिवाय झोपत नाही. कुणाची आजी न्यायला आली की पायरीवर बसून नातवाच्या डब्यातली उरलेली भाजी आधी स्वतः संपवते, म्हणजे रिकामा डबा बघून सुनेला बरं वाटेल. असलं सगळं. त्यातला एक तुकडा मी कधी विसरलो नाही. संध्याकाळचे साडेसात, बाकीची पोरं गेलेली, राहिलेला एकच मुलगा बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराकडे तोंड करून उभा. बस म्हटलं तरी बसत नाही. आपण बसलो तर आईला यायला आणखी उशीर होईल, असं त्याच्या डोक्यात आहे. एवढंच. मी ते पीएमटीत उभ्या उभ्या वाचलं होतं, एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन, आणि डेक्कनला उतरायचं ते थेट मनपाला उतरलो. स्टँडवर थोडा वेळ नुसताच उभा राहिलो. मग फोन खिशात टाकला आणि उलटी बस धरली.

"हल्ली लिहीत नाही का तुम्ही?" मी विचारलं. नाव-गाव काही न सांगता, रांग सोडून. त्या जरा दचकल्या. मग म्हणाल्या, "थांबवलं. दोन वर्षं झाली. कोण वाचत होतं?"

"मी वाचायचो. सगळंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. दूध संपलंय हे सकाळपासून माहीत असून रात्री दहा वाजता सांगणाऱ्या माणसाकडे बघतात, तसं पाहिलं.

"मग सांगायचंत ना."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

दुसरा अंक माझ्या डोळ्यांसमोर झाला, पण मी तो पाहिला असं म्हणता येणार नाही. अंधारात बसून मी मनातल्या मनात बाजू मांडत होतो. मी कोण सांगणारा? त्यांची माझी ओळख ना पाळख. त्यांना काय फरक पडणार होता? शिवाय चांगलं होतं म्हणून तर काही बोललो नाही. वाईट असतं तर बोललो असतो. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि ते माझं नाही हे लक्षात आलं. ते बाबांचं होतं.

आमच्या घरी आमटी कशी झालीये हे आई रोज विचारायची आणि बाबा रोज तेच सांगायचे, "काही बोललो का? म्हणजे चांगली झालीये." मीठ कमी असलं तर पहिल्या घासालाच कळवलं जायचं. बरोबर असलं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? सदाशिव पेठेपासून पर्वती पायथ्यापर्यंत ही रीत बऱ्याच घरांत असावी. आमच्याकडे "बरं आहे" ही शाबासकी, "वाईट नाही" हा पुरस्कार आणि "प्रयत्न चांगला आहे" ही सरळसरळ फाशी. कौतुक केलं की माणूस बिघडतो, हे तर बाळाच्या कानात कुर्र करतानाच सांगत असतील. मी या हवेत वाढलो आणि मला तिचा अभिमानसुद्धा होता. उगाच कशालाही "अप्रतिम" म्हणणारी माणसं मला अजूनही संशयास्पद वाटतात.

पण त्या दिवशी अंधारात आठवत गेलं की बाबा जेवताना गप्प असायचे, म्हणजे फक्त तोंडानं गप्प असायचे. आमटीचा भुरका ऐकू यायचा. वाटी दुसऱ्यांदा पुढे सरकायची. शेवटी पातेल्याच्या कडेला लागलेली आमटी पोळीच्या तुकड्यानं पुसून घेतली जायची, तीही असं काही आपण करत नाही आहोत अशा चेहऱ्यानं. आई ओट्याशी पाठमोरी उभी असायची, पण हे सगळं तिच्यापर्यंत पोचायचं. ताटात उरलेलं बोलायचं, न उरलेलंही बोलायचं. त्यामुळे बाबांना तोंड उघडायची खरोखरच गरज नव्हती.

पाळणाघरवाल्या बाईंना माझं ताट कुठं दिसणार होतं? मी मनपाला उतरलो हे त्यांना कोण सांगणार होतं?

नाटकवाल्यांचं बरं असतं. कॉलेजात असताना मी एकदा पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत होतो. होतो म्हणजे पडदा ओढायला आणि दोन दिवे मागेपुढे करायला. भरत नाट्य मंदिरात विंगेत उभं राहून मी प्रेक्षक ऐकायला शिकलो. १९६३ पासून चाललेली ती स्पर्धा, समोर सगळी पोरंच, "आवाज कुणाचा" म्हणून छप्पर उडवणारी, आणि पाच मिनिटांत निकाल लावणारी. एकांकिका पडायला लागली की आधी खोकला सुरू होतो. एकाला येतो, मग सहा जणांना येतो. मग खुर्च्या करकरतात. मग मागून कुणीतरी एखाद्या वाक्याला भलतंच उत्तर देतं आणि संपलं. पण कधीतरी, एखाद्या वाक्यानंतर, सगळा खोकला थांबतो. ती शांतता विंगेत अंगावर येते. आमच्या एकांकिकेत ती एकदाच आली, चारेक सेकंद आली असेल. आम्ही हरलो, प्राथमिक फेरीतच हरलो, आणि तरी त्या चार सेकंदांबद्दल आम्ही तिघं-चौघं अजून भेटलो की बोलतो.

गाण्याचं तर विचारायलाच नको. सवाईला, १९५३ पासून भीमसेनजींनी सुरू केलेल्या त्या महोत्सवात, मी मागे भारतीय बैठकीत बसून पुष्कळदा गायकापेक्षा पुढच्या रांगांतल्या डोक्यांकडे बघत आलोय. समेच्या आधी अर्धी मात्रा ती डोकी वर उचलली जातात आणि समेवर एकदम पडतात. गाणाऱ्याला ते दिसतं. तो पुढची तान तिकडे बघून घेतो. दाद त्या ताटातच वाढली जाते, जेवण झाल्यावर नाही. आणि हा शब्दही काय आहे बघा. मैफलीत दाद देतात आणि कोर्टात दाद मागतात. शब्द एकच. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणजे "वा!" म्हणणारा माणूस खूश होऊन काही उधळत नसतो, समोरच्याचं म्हणणं आपण ऐकून घेतलं एवढी नोंद करत असतो. म्हणूनच बहुधा दाद न देणाऱ्याला आपण नुसतं कंजूष म्हणत नाही. दाद लागू देत नाही म्हणतो, आणि ते बोलताना कचेरीतल्या बंद खिडकीबद्दल बोलल्यासारखा सूर लागतो.

हे सगळं मला जास्त लागायचं कारण म्हणजे मीही लिहितो. २०२० च्या टाळेबंदीत बऱ्याच जणांनी घरी पाव भाजले, मी फोनवर मराठी टाइप करायला शिकलो. आधी ओळखीच्या दहा-बारा जणांना पाठवायचो. २०१४ पासून त्या हिरव्या अ‍ॅपवर निळ्या खुणा यायला लागल्या आहेत, आणि लिहिणाऱ्याचा एवढा छळ दुसऱ्या कशानं झाला नसेल. पूर्वी म्हणता तरी यायचं, वाचलं नसेल. आता वाचलंय आणि गप्प बसलंय हे निळ्यात लिहून येतं. मग मी नेटवर सगळ्यांसाठी टाकायला लागलो. तिथे आकडा दिसतो, चारशे बारा जणांनी पाहिलं. पाहिलं म्हणजे काय केलं? लक्ष्मी रोडवर दुकानाची काच तर रोज हजारो लोक पाहतात.

अंगठे येतात. जोडलेले हात येतात. दोन हजार शब्दांचा लेख टाकल्यावर चाळिसाव्या सेकंदाला "डोळ्यांत पाणी आलं" येतं. त्यातले बहुतेक नात्यातले असतात, प्रेमानं करतात, मला कळतं. पायरीवर बसून नातवाच्या डब्यातली भाजी संपवणारी आजीच ती. डबा रिकामा घरी जातो, सुनेला बरं वाटतं, पोराच्या पोटात काही गेलेलं नसतं. हे कळूनही मी ते अंगठे मोजतो. रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तरी मोजतो. कबूल करून टाकतो.

बाबांवर लिहिलेला लेख त्यातलाच. बाबा कंपोझिटर. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, नव्वदच्या दशकात संगणकावर जुळणी आली आणि त्यांच्यासकट खिळ्यांचे सगळे खण मोडीत निघाले. लहानपणी मी डबा द्यायला जायचो. शाईचा आणि रॉकेलचा वास, उंच घोडीवर तिरके ठेवलेले खण, त्यांतून न बघता खिळे टिपणारा बाबांचा उजवा हात. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची धातूची पट्टी. मी लिहिलं होतं की बाबा अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी, उजवीकडून डावीकडे वाचायचे, आणि उलट्याचं सुलट करण्यातच त्यांचा जन्म गेला. हे वाक्य मला फार आवडलं होतं. लोकांनाही आवडलं. त्या खाली बरेच जोडलेले हात होते.

तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा निरोप आला. नाव अनोळखी, फोटोच्या जागी गणपती. "लेख वाचला. स्टिकमधली अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात असं आपण लिहिलं आहे. तशी दिसत नाहीत. जुळारी खिळा डोकं खाली आणि खाच वर ठेवून लावतो, डावीकडून उजवीकडेच. अक्षर पाण्यात पडल्यासारखं दिसतं. मी हे काम केलेलं आहे. वडिलांच्या बाबतीत चुकीचं जाऊ नये म्हणून कळवलं."

मी चिडलो. अर्धा दिवस चिडलेला होतो. 'हे ललित लेखन आहे, तांत्रिक माहितीपत्रक नाही' असं एक उत्तर लिहूनही काढलं. मग पुसलं, कारण 'वडिलांच्या बाबतीत' हे दोन शब्द मधे येत होते. रात्री कपाटाच्या वरच्या फळीवरून बाबांची स्टिक काढली. तिच्याबरोबर औषधाच्या जुन्या डबीत दहा-अकरा खिळे आहेत, बाबांनी शेवटच्या दिवशी खिशात घालून आणलेले. छापखान्याला न विचारता आणलेली ही आयुष्यातली एकमेव वस्तू असावी. शिसं बोटांना थंड लागतं आणि दिसतं त्यापेक्षा जड असतं. त्या अकरांतून कसाबसा एक शब्द जमत होता: गवत. त्या गृहस्थांनी सांगितलं तसं केलं. डोकं खाली, खाच वर, डावीकडून उजवीकडे. ग. व. त. आणि टेबलावरच्या दिव्याखाली धरलं.

शिरोरेघ खाली आली होती, जमिनीसारखी. एरवी तिला लटकलेली अक्षरं तिच्यातून वर उगवली होती.

मी किती तरी वेळ ते बघत होतो. बाबांना सगळं आयुष्य मराठी अशी दिसली होती. लहानपणी मी पाहिलं होतं ते दगडावर, म्हणजे छापखान्यातल्या सपाट टेबलावर, आवळून ठेवलेलं पान, आणि तेही टेबलाच्या पलीकडच्या, भलत्या बाजूनं. त्यांच्या जागेवर मी कधी उभाच राहिलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी लेखात 'आरशातल्यासारखी'चं 'पाण्यातल्यासारखी' केलं, 'उजवीकडून डावीकडे' काढलं, आणि मला फार आवडणारं ते पुढचं वाक्यही गेलं, कारण ते आता उभं राहत नव्हतं. बदल कुणाच्या लक्षात आला नाही. त्या गृहस्थांना तेवढं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "आता बरोबर."

हे दोन शब्द मी अंगठ्यांसारखे मोजले नाहीत. पण पाठ आहेत.

छापखान्याच्या काळात लिहिणाऱ्याला असा माणूस शोधावा लागत नसे, तो वाटेतच बसलेला असे. हस्तलिखित संपादक वाचायचा, कंपोझिटर अक्षर अन् अक्षर हातानं उचलायचा, मुद्रितशोधक समासात खुणा करून प्रूफ परत पाठवायचा. वाचकाच्या हातात पडण्याआधी तीन जोडी डोळे त्यावरून गेलेले असत. बाबा सांगायचे की एका मोठ्या लेखकाच्या मजकुरात त्यांनी एकाच पात्राची दोन नावं पकडली होती. लेखकाचं नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, धंद्याचा धर्म म्हणून. आणि छापलं गेलं नाही तरी 'साभार परत' यायचं. त्या चिठ्ठीवर पोरं रडायची, पण कुणीतरी पाकीट फोडलं होतं एवढं तिच्यात असायचं. छापून आलं तर पोस्टकार्डावर वाचक कळवायचे, पत्ता लिहायची जागासुद्धा मजकुरानं खाऊन टाकायचे. अजूनही काही दिवाळी अंक लेखाच्या शेवटी लेखकाचा मोबाइल नंबर छापतात, आणि सांगलीहून, परभणीहून कुणीतरी दुपारी तीनला फोन करून विचारतं, "बोलायला वेळ आहे का?" मी फोनवर बोट दाबतो आणि मजकूर गेला. वाटेत कुणी नाही. जो कुणी उलट लिहील, तोच माझा संपादक आणि तोच मुद्रितशोधक, छापून झाल्यावर आलेला.

यात धोका नाही असं नाही. बाबांवरच्या लेखाला एवढे हात जोडले गेले, तर मी बाबांवर आणखी तीन लेख लिहिले. तिसऱ्यात त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं: "अक्षर सरळ असलं की माणूस सरळ राहतो." बाबा असलं वाक्य जन्मात बोलले नसते. ते बोलायचे ते "दिवा घालव" आणि "चहा टाक". त्या वाक्याला आजवरचे सगळ्यांत जास्त अंगठे आले, लोकांनी ते उचलून फुलांच्या चित्रावर छापून सकाळी सकाळी एकमेकांना पाठवलं, एकदा मलाही आलं. त्या लेखावर गणपतीवाल्या गृहस्थांनी काही लिहिलं नाही. आवडला नाही, की वाचलाच नाही, की ते आजारी होते? कळायला मार्ग नाही. मी दोन आठवडे त्यांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत होतो आणि दर वेळी वेगळा लागत होता.

नाटक संपल्यावर मी बाईंना शोधलं. दारात, पार्किंगमध्ये, जंगली महाराज रस्त्यावर रिक्षा थांबतात तिथे. दिसल्या नाहीत. घरी येऊन त्यांचं लिखाण उघडलं. सगळं होतं तिथेच, दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी थांबलेलं. शेवटच्या तुकड्यात थांबतेय वगैरे काही नव्हतं. कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती आणि ती कुणाची हे पोरं एकमेकांना विचारत होती, तिथे संपलं होतं.

बूट घातलेल्या मुलाचा तुकडा पुन्हा वाचला. मग लिहायला बसलो. 'खूप छान लिहिता' लिहिलं, पुसलं. 'लिहीत राहा' लिहिलं, तेही पुसलं. दोन वर्षं गप्प बसून लिहीत राहा म्हणणारा मी कोण? साडेअकरा वाजले. दोन हजार शब्द सहज लिहिणाऱ्या माणसाला चार ओळी येत नव्हत्या. शेवटी जे झालं होतं तेवढंच लिहिलं: हे वाचताना मी डेक्कनच्या ऐवजी मनपाला उतरलो होतो, सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आणि एक विचारायचं राहिलं होतं. ते बूट त्याचे त्यानंच घातले होते का?

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी रात्री उत्तर आलं.

"हो, त्यानंच. उलटे घातले होते, डावा उजव्यात. मी ते लिहिलंच नव्हतं का?"